देवराई, तुटलेले अरण्य आणि पाचोळ्यातील जीवसृष्टी

देवाच्या नावाने राखलेली राय ही कोकण, गोमंतक आणि सह्याद्रीच्या पायथ्याची गावे यांना पूर्वजांकडून मिळालेली मोठी ठेव होय. रायीतील झाडाला कोयता लावू नये, काही ठिकाणी तर वाळून पडलेली फांदीही घरी नेऊ नये, असे निर्बंध पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. गावागावांतून नियम निराळे असले तरी त्यांच्या मुळाशी असलेली भावना एकच होती. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले, कुमेरी शेतीने, इमारती लाकडाच्या व्यापाराने आणि पुढे खाणींनी रानाचा विस्तार आकसत गेला, तरी कित्येक राया टिकून राहिल्या. यावरून साहजिकच असा समज रूढ झाला की, राय राखली म्हणजे अरण्य राखले.

हा समज कितपत खरा आहे? चारी बाजूंचे रान नाहीसे झाल्यावर मधोमध उरलेला तुकडा पूर्वीइतकाच भरलेला राहतो काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पद्धतशीर छडा लावला. हा शोध फ्लोरिडाच्या खाडीत व ब्राझीलच्या घनदाट अरण्यात लागला असला, तरी त्याचा निष्कर्ष रायीचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक गावाला आणि देवस्थानाला विचार करावयास लावणारा आहे.

डोळ्यांआडचे अरण्य

रायीत शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम उंच वृक्षांवर जाते आणि वृक्ष उभे आहेत म्हणजे राय जिवंत आहे असे त्यास वाटते. परंतु अरण्याचा फार मोठा भाग पायांखाली असतो. पाचोळ्याचा थर हलक्या हाताने बाजूला केला तर मुंग्या, वाळवी, भुंगेरे, कोळी, गोमी, वाणी, गोगलगायी, गांडुळे अशा असंख्य जीवांची लगबग नजरेस पडते. या साऱ्यांना पाठीचा कणा नाही, म्हणून शास्त्रात त्यांना अपृष्ठवंशी प्राणी म्हणतात. पृथ्वीवरील ज्ञात प्राणिजातींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जाती याच वर्गात मोडतात.

वाघ-बिबट्यांच्या मानाने हे जीव नगण्य वाटले तरी अरण्याचा रोजचा कारभार त्यांच्याच हाती असतो. वाळवी पडलेले लाकूड कुजवून मातीत मिळविते. गांडुळे माती सैल करतात. शेणकिडे जनावरांची विष्ठा जमिनीत पुरतात. त्यायोगे मातीला खत मिळते, विष्ठेतील बिया रुजतात आणि परजीवी कृमींच्या अंड्यांचा नाश होतो. मधमाश्या, पतंग आणि फुलपाखरे यांच्याविना कित्येक झाडांना फळ धरत नाही. हा कारभार थांबला तर आज उभे असलेले वृक्ष उभेच राहतील, पण त्यांची जागा घेणारी पुढची पिढी उगवेलच अशी शाश्वती राहणार नाही.

असे असूनही अरण्य तुटल्याचा फटका या जीवांना लवकर बसतो. त्यांचे शरीर लहान, आकारमानाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. त्यामुळे ऊन व कोरडा वारा लागताच अंगातील ओलावा झपाट्याने उडून जातो. पुष्कळांना पंख नाहीत. गोगलगायीच्या दृष्टीने उन्हात तापलेला डांबरी रस्ता ही एक दुस्तर नदीच होय. काही जाती एखाद्याच विशिष्ट झाडावर वा वेलीवर जगतात. ती वनस्पती त्या तुकड्यात नसेल तर त्यांनाही तेथे थारा नाही.

बेटांचा सिद्धांत

या विषयाच्या इतिहासाचा आरंभ समुद्रातील बेटांपासून होतो. अमेरिकेतील रॉबर्ट मॅकआर्थर आणि मुंग्यांचे गाढे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली बेटांवरील जीवसृष्टीविषयी एक सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. बेटावर किती जाती नांदतील हे दोन गोष्टींच्या तोलावर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाहेरून नव्या जाती येत राहतात आणि असलेल्या जाती एकेक करून नष्ट होत राहतात. बेट मुख्य भूमीपासून दूर असेल तर येणारे थोडे. बेट लहान असेल तर नष्ट होणारे अधिक. म्हणून लहान आणि दूरचे बेट नेहमीच दरिद्री राहते.

सिद्धांताची परीक्षा घेण्यासाठी विल्सन आणि त्यांचे शिष्य डॅनिएल सिम्बर्लॉफ यांनी १९६६-६७ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळील खारफुटीची काही चिमुकली बेटे निवडली. त्यांचा व्यास अवघा ११ ते १८ मीटर होता. प्रत्येक बेटावरील कीटक, कोळी आदींची नोंद करून त्यावर तंबू उभारण्यात आला आणि विषारी धुरी देऊन त्यावरील सारे लहान जीव मारण्यात आले. त्यानंतर बेटे पुन्हा कशी वसतात हे पाहण्यात आले. वर्षाच्या आतच, सर्वांत दूरचे बेट वगळता, बाकीच्या बेटांवर जातींची संख्या जवळजवळ पूर्ववत झाली. मात्र आलेल्या जाती पूर्वीच्याच नव्हत्या. पुढे सिम्बर्लॉफ यांनी अशाच काही बेटांचा भाग तोडून ती लहान केली, तेव्हा जातींची संख्या घटल्याचे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून दिसून आले.

बेटांविषयीचे हे ज्ञान जमिनीवर लागू होईल काय, हा पुढचा प्रश्न होता. शेते आणि कुरणे यांनी वेढलेला रानाचा तुकडा हेही एक प्रकारचे बेटच. मग अरण्य राखावयाचे तर एक मोठा तुकडा राखावा की तेवढ्याच क्षेत्राचे अनेक लहान तुकडे? १९७० नंतरच्या दशकात या प्रश्नावर विद्वानांत कडाक्याचा वाद झाला. वादाला प्रत्यक्ष पुराव्याची जोड हवी होती, आणि ती ब्राझीलमध्ये मिळाली.

मानाउसचा प्रयोग

ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मानाउस या शहराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर त्या काळी गुरांच्या पैदाशीसाठी सरकारी साह्याने मोठमोठी कुरणे तयार केली जात होती. मालकाने आपल्या जमिनीपैकी निम्मे अरण्य राखलेच पाहिजे असा तेव्हाचा कायदा होता. जंगल तोडले जाणारच आहे आणि काही भाग राखलाही जाणार आहे, तर राखावयाचे तुकडे ठरावीक आकाराचे ठेवले तर काय बिघडले, ही साधी पण दूरदर्शी कल्पना थॉमस लव्हजॉय या अमेरिकी शास्त्रज्ञाला सुचली. ब्राझीलच्या ॲमेझॉन संशोधन संस्थेच्या सहकार्याने १९७९ साली हे कार्य सुरू झाले.

पुढील काही वर्षांत एकूण ११ वनखंड वेगळे करण्यात आले. त्यांपैकी पाच १ हेक्टरचे, चार १० हेक्टरचे व दोन १०० हेक्टरचे होते. अखंड अरण्यापासून त्यांचे अंतर ८० ते ६५० मीटर होते. या प्रयोगाचे मोल असे की, तुकडा वेगळा होण्यापूर्वी तेथे काय होते याची नोंद शास्त्रज्ञांपाशी होती. इतरत्र तुकडे झाल्यावरच अभ्यासक पोचतात. आधी काय होते ते कोणी सांगू शकत नाही. मानाउसला हरवलेल्याची मोजदाद करणे शक्य झाले.

शेणकिड्यांची साक्ष

पहिली बोलकी साक्ष शेणकिड्यांनी दिली. बर्ट क्लाइन यांनी अखंड अरण्य, १० हेक्टरचे तुकडे, १ हेक्टरचे तुकडे आणि उघडे कुरण अशा चार ठिकाणी शेणकिड्यांची तुलना केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तुकड्यांमध्ये जाती कमी होत्या, प्रत्येक जातीची संख्या विरळ होती आणि किडेही आकाराने लहान होते. झाडे तीच, माती तीच, अखंड अरण्य केवळ काहीशे मीटरांवर. तरीही सावलीला सरावलेले हे जीव मधले उघडे मैदान ओलांडून येऊ शकत नव्हते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुकड्यांत विष्ठा कुजण्याची गतीही मंदावली होती. जाती घटल्याबरोबर त्या जातींचे कामही घटले होते.

मुंग्यांची कथा याहून करुण आहे. ॲमेझॉनच्या अरण्यात लष्करी मुंग्यांच्या फौजा पाचोळा पिंजत पुढे सरकतात आणि त्यांच्या धाकाने उडणारे कीटक टिपण्यासाठी काही जातींचे पक्षी फौजेमागून फिरतात. अशा एका वसाहतीला हिंडण्यासाठी सुमारे ३० हेक्टर रान लागते. १ आणि १० हेक्टरच्या तुकड्यांत या मुंग्यांचा निभाव लागला नाही, आणि मुंग्या गेल्यावर त्यांच्यावर विसंबलेले पक्षीही दिसेनासे झाले. वाळवीच्या जातीही वनखंडांत कमी आढळल्या. अरण्य ही एकमेकांत गुंतलेली वीण आहे. एक धागा ओढला की दुसरा सैल होतो, हे यावरून स्पष्ट झाले.

कडेचे गणित

मानाउसने शिकविलेला दुसरा धडा तुकड्याच्या कडेविषयीचा आहे. रानाच्या कडेवर ऊन तिरपे आत शिरते, वारा बेधडक घुसतो, हवा कोरडी होते, मोठी झाडे उन्मळून पडतात आणि पाचोळा वाळतो. रॅफाएल डिडॅम यांनी पाचोळ्यातील भुंगेऱ्यांचा बारकाईने अभ्यास करून असे दाखविले की, तुकड्याचा आकार आणि कडेपासूनचे अंतर या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे जातींच्या घडणीवर परिणाम करतात. काही परिणाम कडेपासून २०० मीटर आतपर्यंत जाणवले.

हे अंतर ध्यानी घेऊन साधे गणित मांडले तर चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. १०० हेक्टरचा चौकोनी तुकडा म्हणजे प्रत्येक बाजू एक किलोमीटर. चारी बाजूंनी २०० मीटरांचा पट्टा वजा केला तर आत खरे शांत, ओलसर अरण्य उरते केवळ ३६ हेक्टर. १० हेक्टरच्या तुकड्याची बाजू सुमारे ३१६ मीटर. चारी बाजूंनी १०० मीटरच वजा केले तरी दीड हेक्टरहूनही कमी उरते. १ हेक्टरच्या तुकड्यात तर कोणतेही ठिकाण कडेपासून ५० मीटरांहून दूर नसते. म्हणजे असा तुकडा सर्वस्वी कडच असतो. त्याला गाभा म्हणून राहतच नाही. गाभाऱ्यावाचून नुसत्या सभामंडपाला जसे मंदिर म्हणता येत नाही, तसेच हे होय.

येथे केवळ संख्येवर विसंबण्यातला धोकाही लक्षात येतो. मानाउसच्या काही वनखंडांत तोडीनंतर फुलपाखरांच्या जाती उलट वाढलेल्या आढळल्या. वरवर पाहता ही शुभवार्ता. परंतु वाढ झाली ती ऊन आवडणाऱ्या, उघड्या माळावर कोठेही सापडणाऱ्या फुलपाखरांची. गर्द सावलीत राहणाऱ्यांना मात्र तेथे पूर्वीसारखी जागा उरली नाही. म्हणून किती जाती आहेत याबरोबरच कोणत्या आहेत हे विचारणे अगत्याचे ठरते.

आणखी एक गोष्ट काळाची. तुकडा झाल्याबरोबर सर्व जाती नाहीशा होत नाहीत. काही वर्षे, कधी कधी कित्येक दशके त्या तग धरतात आणि मग एकेक करून जातात. १९९४ साली डेव्हिड टिलमन आणि त्यांचे सहकारी यांनी याचे गणिती विवेचन केले व त्यास नामशेषतेचे ऋण असे नाव रूढ झाले. पूर्वजांनी केलेले कर्ज वारसाने फेडावे त्याप्रमाणे आज तोडलेल्या रानाची किंमत पुढच्या पिढ्यांच्या काळात वसूल होते. हिरवीगार दिसणारी रायही आतून अशा ऋणात असू शकते.

कथेचे दुसरे प्रकरण

मानाउसची कथा येथेच संपती तर ती केवळ निराशेची ठरली असती. परंतु सरकारी साह्य आटल्यावर गुरांचा धंदा परवडेनासा झाला आणि कुरणे ओस पडली. उघड्या जमिनीवर हळूहळू नवे रान उगवू लागले. जेथे झाडे तोडून जाळली नव्हती तेथे ते अधिक जोमाने वाढले. वनखंडांभोवती एक ठरावीक पट्टा अभ्यासासाठी वेळोवेळी साफ केला जात असला, तरी त्यापलीकडे सावली परतली.

क्लाइन यांच्या पाहणीनंतर सुमारे पंधरा वर्षांनी, २००० साली, किन्तेरो आणि रॉस्लिन या अभ्यासकांनी त्याच ठिकाणी पुन्हा शेणकिडे गोळा केले. २००५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आश्चर्यकारक होते. तुकडे आणि अखंड अरण्य यांतील फरक पुष्कळ अंशी पुसला गेला होता. तुकड्यांचा आकार तोच होता. बदलली होती ती मधली जमीन. मधल्या जागेवर झाडोरा आल्याबरोबर अखंड अरण्यातील किड्यांना वाट सापडली.

सर्वच जीवांच्या बाबतीत इतक्या लवकर सुधारणा होते असे नाही. तुकडे होणे हेच मुळात किती घातक, याविषयीही शास्त्रज्ञांत एकमत नाही. कॅनडातील लेनोर फारिग यांच्या मते खरी हानी होते ती रानाचे एकूण क्षेत्र घटल्याने. तेवढेच क्षेत्र अनेक तुकड्यांत विभागले म्हणून नेहमीच तोटा होतो असे नाही. उलट, निक हॅडाड आणि त्यांचे सहकारी यांनी जगभरच्या दीर्घकालीन प्रयोगांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विखंडनामुळे जैवविविधता १३ ते ७५ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना दिसले. जगातील उरलेल्या वनांपैकी ७० टक्के वनक्षेत्र कोणत्या ना कोणत्या कडेपासून एक किलोमीटरच्या आत आहे, हेही त्याच आढाव्यात नमूद आहे. वाद काहीही असो, एका मुद्द्याविषयी फारसे दुमत नाही : तुकड्याचे भवितव्य त्याच्या कुंपणाच्या आत जितके ठरते, तितकेच ते कुंपणाच्या बाहेर ठरते.

लव्हजॉय यांचे २५ डिसेंबर २०२१ रोजी निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी विल्सनही गेले. बेटांचा सिद्धांत मांडणारा आणि तो अरण्यात पडताळून पाहणारा, असे दोन धुरीण एका दिवसाच्या अंतराने काळाच्या पडद्याआड गेले.

रायीपाशी परत

मानाउसचे वनखंड माणसाने मुद्दाम राखले. देवराया श्रद्धेने राखल्या. दोहोंची स्थिती मात्र सारखीच आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानच्या वनखात्याची घडी बसविणारे डिट्रिख ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच देवरायांची दखल घेतली होती. पुढे पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ साली त्यांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. अनेक राया एखाद-दोन हेक्टरांच्याच, कित्येक त्याहूनही लहान. मानाउसच्या मापाने पाहिले तर अशा रायीला गाभा उरतच नाही.

तरीही त्या टिकल्या, याचे एक कारण त्यांच्या शेजारात शोधावे लागते. पूर्वी रायीभोवती मोकळे मैदान नव्हते. झाडोरा, बागायती, गावरान आणि दूरवर डोंगराचे रान अशी सावलीची साखळी होती. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात शोनिल भागवत आणि त्यांचे सहकारी यांनी राखीव वन, देवकाडू आणि देशी झाडांच्या सावलीतील कॉफीचे मळे यांची तुलना केली. झाडे, पक्षी आणि आळंब्या यांच्या नोंदींवरून २००५ साली त्यांनी असे दाखविले की, राखीव वनाच्या बाहेरील या वृक्षाच्छादित प्रदेशाचाही जैवविविधतेच्या रक्षणात मोठा वाटा आहे.

गोमंतकात कॉफीच्या मळ्यांची जागा कुळागरांनी घेतली आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टीतील अनेक देव अंत्रुज महालात व अन्य सुरक्षित प्रदेशांत आणले गेले, आणि त्यांतील कित्येकांची देवळे आजही डोंगरउतार, झरे व कुळागरे यांच्या सान्निध्यात उभी आहेत. माड, माडी, फणस, जायफळ आणि मिरवेल यांनी दाटलेले कुळागर म्हणजे अरण्य नव्हे. तेथे अरण्यातील सर्व जीव नांदतील अशी अपेक्षाही करता येणार नाही. परंतु तेथे सावली आहे, पाटाच्या पाण्याचा ओलावा आहे आणि पाचोळा आहे. उघड्या माळापेक्षा वा काँक्रीटच्या पटांगणापेक्षा गोगलगायीला, वाण्याला आणि सावलीतल्या फुलपाखराला ही वाट पुष्कळ सुकर होय.

सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राय या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. जायफळाच्या कुळातील वृक्षांची गोड्या पाण्याची दलदल तेथे देवाच्या नावाने टिकून राहिली आहे. अशा दलदलीचे आयुष्य पाण्याच्या प्रवाहावर अवलंबून असते, आणि पाणी तर रायीच्या सीमेबाहेरूनच येते. वरच्या अंगाचा डोंगर उघडा पडला, झरा अडवला गेला, तर खालच्या रायीतील एकाही झाडाला हात न लावता राय मरू शकते. टाचण्या आणि चतुर यांच्यासारखे, बालपण पाण्यात काढणारे कीटक अशा वेळी सर्वप्रथम जातात.

या इतिहासातून महाजन कुटुंबांनी ध्यानी घ्यावयाच्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. देवस्थानच्या जमिनीवरील राय साफसूफ करण्याच्या उत्साहात पाचोळा झाडून जाळू नये. पडलेले खोड कुजू द्यावे, कारण ते असंख्य जीवांचे घर असते. रायीच्या मधून रस्ता काढण्याचा, गाडीतळासाठी एक कोपरा मोकळा करण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा गेलेल्या गुंठ्यांबरोबरच नव्याने निर्माण होणाऱ्या कडेचाही हिशेब मांडावा. रात्रभर पेटणारे प्रखर दिवे रायीकडे वळवू नयेत; पतंग आणि काजवे यांना अंधार हवा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राय आणि जवळचे रान यांच्यामध्ये जेथे शक्य असेल तेथे देशी झाडांची एखादी सलग रांग, ओहोळाच्या काठचा एखादा हिरवा पट्टा राखावा वा नव्याने वाढवावा. मानाउसच्या शेणकिड्यांनी परतीची वाट अशाच सावलीतून काढली.

पूर्वजांनी रायीची सीमा आखून दिली आणि तिच्या आत कोयता न्यावयाचा नाही असा दंडक घातला. त्या काळी सीमेबाहेरही रान होते, म्हणून तेवढा दंडक पुरेसा ठरला. आज सीमेबाहेरचे रान ओसरत चालले आहे. म्हणून त्याच दंडकाचा आशय सीमेपलीकडे नेणे हे वारसांचे कर्तव्य ठरते. रायीतील वृक्ष देवाचे मानले गेले. त्याच वृक्षांच्या मुळाशी, पाचोळ्याच्या अंधारात, कोणाच्या दृष्टीस न पडता अहोरात्र सेवा करणारे जीवही त्याच देवाच्या पदरचे मानावयास हरकत नसावी.